मंगोलियातलं गेर, देल आणि मिठाचा चहा (शाकाहारी माणसाचं काय होतं तेही)

रानवारा
जुलैमध्ये आम्ही दोघं मंगोलियाला जाऊन आलो. दोन दिवस उलानबातर आणि मग आठ दिवस अर्खांगाई प्रांतात एका पशुपालक कुटुंबाकडे. प्रवासवर्णन लिहिणार नाहीये कारण ते माझ्याच्याने कधी पूर्ण होत नाही (लडाखचा भाग २ बाकी आहे, माहितीये, आठवण करून देऊ नका). घर, कपडे आणि खाणं एवढंच टाकते, बाकीचं तुम्ही विचारा.

पहिलं म्हणजे यर्ट म्हणू नका. तो शब्द तुर्की भाषांतून रशियनमार्गे जगभर गेला, मंगोल लोक 'गेर' म्हणतात आणि गेर म्हणजे नुसतं घर. ऐकायलाही इतकं जवळचं की मी चुकून 'घर' म्हणाले तरी आमच्या ड्रायव्हरला कळलं.

भिंत म्हणजे वाळुंजाच्या काठ्यांची जाळी, जुन्या बिल्डिंगमधल्या लिफ्टचं सरकतं दार असतं ना, अगदी तशी मिटते आणि उघडते. काठ्या एकमेकींना चामड्याच्या गाठींनी जोडलेल्या. अशा एका तुकड्याला म्हणतात 'खाना', आणि साधारण कुटुंबाचं गेर पाच खान्यांचं. (आपल्याकडे पाच खणी घर म्हणायचे तसंच की!) वर मधोमध लाकडी चाक, ते तोनो. तोनोपासून भिंतीपर्यंत छत्रीच्या काड्यांसारखे वासे, त्यांना उनी म्हणतात, आमच्या घरात ८१ होते, मी झोपल्या झोपल्या मोजले. मध्ये दोन खांब. ह्या सगळ्यावर नमदा, म्हणजे न विणता नुसती भिजवून दाबून केलेली जाड लोकर, त्यावर पांढरं कापड आणि बाहेरून घोड्याच्या केसांचे दोर आवळलेले.

आमच्या यजमानांच्या भावाने तिसऱ्या दिवशी शेजारी त्याचं गेर उभं केलं, ते पूर्ण बघायला मिळालं. ट्रकमधून उतरवण्यापासून आत चहा उकळेपर्यंत दोन तास. गंमत म्हणजे चूल आणि मोठी कपाटं आधी जमिनीवर मांडतात आणि मग घर त्यांच्याभोवती उभं करतात, कारण दार एवढंसं. आमच्याकडे सोफा पाचव्या मजल्यावर चढवताना झालेलं महाभारत आठवलं.

दार कायम दक्षिणेला, वारा वायव्येचा आणि ऊन दक्षिणेचं म्हणून. तोनोतून उन्हाचा कवडसा आत पडतो तो दिवसभर वाशांवरून आणि भिंतीवरून सरकत जातो आणि आजी त्यावरून वेळ सांगायच्या, मोबाइल हातात असूनसुद्धा. आत गेलं की डावीकडची म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची, खोगीर लगाम तिकडे. उजवीकडे बाईची बाजू, भांडी, दूध, पाणी. समोर उत्तरेला 'खोइमोर', देवाची आणि मानाची जागा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, दोन खांबांच्या मधून जायचं नाही, चुलीत कचरा टाकायचा नाही. नवऱ्याने पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर पाय दिला. कोणी काही बोललं नाही पण आजींनी जे बघितलं ना, थेट माझ्या सासूबाई.

---

सांगलीवाला
भारी लिहिलंय. ते नमदा म्हणताय ना, त्याला आमच्याकडं जेन म्हणत्यात. घोंगडं विणलेलं असतं, जेन विणत नाहीत, लोकर पिंजून पसरून पाणी मारून लाटत राहायचं. आज्ज्याकडं होतं एक, खाली अंथरायला. आता करणारे हाताच्या बोटावर राहिलेत. तिकडं कसं करतात ते बघितलं का?

रानवारा
@सांगलीवाला, हो! आणि पद्धत तुम्ही म्हणताय तशीच आहे, फक्त लाटायला माणसं नाहीत, घोडा. जुना नमदा खाली पसरतात, त्याला 'आई' म्हणतात. त्यावर काठीने झोडलेली लोकर थरावर थर, वरून पाणी, मग ते सगळं एका खांबाभोवती गुंडाळायचं, चामड्यात बांधायचं आणि दोराने घोड्यामागे लावून माळावर फरफटत न्यायचं. तो रूळ गडगडत गडगडत जातो आणि आत लोकर आवळत जाते. उलगडल्यावर जो नवीन निघतो ती आईची मुलगी, आणि पुढच्या वेळी तीच आई. 'जेन'बद्दल वेगळा धागा काढा प्लीज.

शंकासुर
प्रश्न १. उणे चाळीसमध्ये लोकर पुरते? प्रश्न २. संडास? (कोणीतरी विचारायला हवं होतं.)

खाणकामगार
शंकासुर, मी उलानबातरमध्ये कामासाठी दोन हिवाळे काढलेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचं मी देतो. पुरते. उन्हाळ्यात नमद्याचा एक थर, हिवाळ्यात दोन-तीन, आणि खालच्या कडेला बाहेरून माती किंवा शेण लिंपून फट बंद करतात. गोल घर, बुटकं घर, कोपरे नाहीत, म्हणजे तापवायला हवा कमी आणि वाऱ्याला धरायला काही नाही. चूल पेटली की आत बनियनवर बसता येतं, विझली की पहाटे मिशीवर बर्फ. त्यामुळे रात्री चूल सांभाळणं हे खरं काम.

आणि जळण काय? शेण!! आपल्या गोवऱ्या. फक्त थापत नाहीत, माळावर आपोआप वाळलेलं गोळा करतात, त्याला 'अर्गाल' म्हणतात. पाठीवर टोपली आणि हातात लांब दांड्याचा पंजा, चालता चालता उचलून खांद्यावरून मागे टाकायचं, एक थेंब घाम नाही. मी ट्राय केलं, सगळं डोक्यात. मेंढ्यांच्या लेंड्या हिवाळाभर गोठ्यात तुडवून दगडासारख्या होतात, त्यांच्या विटा कापतात, त्या जास्त तापतात. झाडं जवळपास नसलेल्या मुलखात आग हवी तर हाच मार्ग.

थंडीचं त्यांचं गणितही भारी आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सुरुवात, नऊ दिवसांचे नऊ टप्पे, एकूण ८१ दिवस. पहिल्या नवात दुधाची दारू गोठते, दुसऱ्यात दोनदा गाळलेली दारू गोठते, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाचं. पाचव्यात शिजवलेला भात गोठत नाही, सहाव्यात रस्ता दिसायला लागतो, असं करत करत नवव्यात ऊब. आपल्या पावसाच्या नक्षत्रांसारखंच, कुठलं कोणत्या वाहनावर आलं वगैरे. मी तिसऱ्या नवात पोचलो होतो, विमानतळाबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस उभे राहिले, ते अजून आठवतं.

रानवारा
प्रश्न २ चं उत्तर: गेरपासून लांब एक खड्डा, वर फळ्या, तीन बाजूंनी आडोसा, चौथी बाजू थेट डोंगराकडे. व्ह्यू असा की उठवत नाही. आणि आडोसा नसेल तर त्यांचा झगा हाच आडोसा, ते कपड्यांमध्ये लिहिते.

---

सुईदोरा
कपड्यांवर लिहा ना, मी त्याच्यासाठीच धागा उघडला. तो झगा म्हणजे चिनी वाटतो मला, चूक असेल तर सांगा.

रानवारा
@सुईदोरा, त्याला 'देल' म्हणतात. लांब झगा, उभी कॉलर, डावा पदर उजव्यावर येतो आणि उजव्या खांद्यावर, काखेजवळ आणि बाजूला गुंड्या. आपली जुनी बाराबंदी किंवा अंगरखा डोळ्यासमोर आणा, फक्त बंदांऐवजी गुंड्या आणि लांबी पोटरीपर्यंत. चिनी म्हणून तिथे बोलू नका, चेहरे बदलतात.

सगळी मजा कमरपट्ट्यात आहे. 'बूस' म्हणतात, रेशमी कापडाचा चांगला काही मीटर लांब पट्टा, तो घट्ट गुंडाळला की घोड्यावर दिवसभर बसलं तरी पाठ आणि पोट धरून ठेवतो. आणि पट्ट्याच्या वर छातीपाशी जो घोळ सुटतो तो म्हणजे खिसा! आपल्या आज्या ओच्यात काय काय ठेवायच्या तसंच. आमचे यजमान त्यातून चहाचा वाडगा, तपकिरीची बाटली, मोबाइल, चार्जर आणि एकदा चक्क एक कोकरू काढताना मी पाहिलेत. बाई ह्या अर्थाचा एक शब्द आहे 'बूसगूई', त्याचा शब्दशः अर्थ पट्टा नसलेली. आता पट्टा सगळेच बांधतात.

बाह्या इतक्या लांब की हात आत गडप. त्यांच्या टोकाला घोड्याच्या खुरासारखा आकार, नावही खूरच. थंडीत खाली सोडला की हातमोजा, एरवी दुमडून वर. हिवाळ्याच्या देलला आतून मेंढीचं कातडं, लोकर आतल्या बाजूला. रात्री तोच पांघरूण. त्यांचे जुने बूट, 'गुताल', पुढे वर वळलेले आणि डावा-उजवा एकसारखा. का वळलेले ह्याची तीन जणांनी तीन कारणं सांगितली, रिकिबीत पाय अडकू नये इथपासून जमिनीला इजा होऊ नये इथपर्यंत, त्यामुळे मी ठरवलंय की छान दिसतात म्हणून.

टोपीचं फार मानतात. दुसऱ्याची टोपी घालायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही.

सुईदोरा
खुरासारखी बाही!! शिवून बघणार. पण रोज घालतात का आता, की फक्त फोटोपुरतं?

रानवारा
शहरात सणाला किंवा लग्नाला. माळावर पन्नाशीच्या पुढचे रोज, तरुण पोरं जीन्स आणि टीशर्टवर, पण थंडी पडली की तीही देलमध्ये. घरातली मुलगी शहरात अकाउंट्स शिकते, ती म्हणाली जॅकेटवर घोड्यावर बसलं की गुडघे गार पडतात, देलमध्ये पडत नाहीत. विषय संपला.

बोरूबहाद्दर
तपकीर वाचून थांबलो. कशी देतात?

खाणकामगार
दगडाची छोटी बाटली, 'खूरुग', पोवळ्याचं बूच, रेशमी पिशवी. पुरुष भेटले की एकमेकांची बाटली उजव्या हाताने घेतात, चिमूटभर ओढतात, बाटलीचं कौतुक करतात आणि परत करतात. ओढायची नसेल तर नुसता वास घ्यायचा. आमच्या साइटवरचा वॉचमन माझ्याशी बाटली बदलायचा आणि माझ्याकडे बाटली नाही म्हणून मी त्याला विक्सची डबी द्यायचो. त्याला विक्स जास्त आवडलं.

बोरूबहाद्दर
आजोबा असते तर तिकडेच राहिले असते. बाय द वे माझ्या आयडीतला बहाद्दर मूळचा तिकडचाच. बहादूर हा फारसीतून आला आणि फारसीत तो तुर्की-मंगोल 'बगातुर' वरून. उलानबातरमधला 'बातर' म्हणजे तोच, लाल बहाद्दर. दारोगा पण मंगोलच, त्यांचा 'दरुगा' म्हणजे नेमलेला अधिकारी.

आणि घर न मोडता नेण्याची पण सोय होती पूर्वी. विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ मध्ये तिकडे फिरला, त्याने गाड्यावर ठेवलेली घरं पाहिली, चाकांच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर वीस फूट मोजलं आणि एका घराला जुंपलेले बावीस बैल मोजले. तो घराचा गाडा हाकणारा माणूस घराच्या दारात उभा होता, पण सामानाच्या वीस-तीस गाड्या एकामागे एक बांधून हाकणारी एकटी बाई असायची असंही लिहिलंय त्याने.

---

लोणकढी
शीर्षकात शाकाहारी लिहून इतका वेळ गप्प बसलात. सांगा की जगलात कशा?

रानवारा
जगले, दोन किलो वाढले. मंगोल खाण्याचे दोन रंग. पांढरं म्हणजे दुधाचं, लाल म्हणजे मांसाचं. उन्हाळ्यात जनावरं दुभती असतात तेव्हा पांढरं, थंडीत लाल. म्हणून शाकाहारी माणसाने जुलैतच जावं, जानेवारीत गेलात तर बटाटा आणि आठवणी. भाजीला ते गवतच समजतात, आजी माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या की गवत मेंढी खाते आणि मेंढी आपण खातो, तू मधली पायरी का गाळतेस? उत्तर सुचलं नाही.

आता दूध. पाच जनावरं, घोडा, गाय किंवा याक, उंट, मेंढी, शेळी, आणि पाचही दुभती. अर्खांगाईत याक पुष्कळ. दूध मंद आचेवर तापवून पळीने वर ओतत राहतात, फेस येतो, रात्रभर ठेवलं की सकाळी साईची जाड भाकरी निघते, ती घडी घालून ठेवतात, 'ऊरूम'. ब्रेडवर ऊरूम आणि साखर, बस. मी आयुष्यात ह्याहून चांगलं काही खाल्लेलं नाही आणि मी कोल्हापूरची आहे.

उरलेल्या दुधाचं दही. त्या दह्याची दारू!! खरंच. मोठ्या कढईत आंबवलेलं दही, वर बिनतळाचं पिंप, पिंपात मध्ये टांगलेलं भांडं, सगळ्यात वर गार पाण्याची कढई. वाफ वर जाते, गार होते, आतल्या भांड्यात ठिबकते. पाण्यासारखी दिसते, लागते सौम्य, आणि उठायला गेलं की पाय नाही म्हणतात. कढईत खाली जो चोथा राहिला तो फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा, आपला चक्का, मग दोऱ्याने वड्या कापायच्या आणि गेरच्या छपरावर वाळत घालायच्या. तो 'आरूल'. वर्षभर टिकतो. पहिल्यांदा चावायला गेले तर दाढ हलली. चावायचा नसतो, सुपारीसारखा गालात धरायचा.

एका दुधाचं साय, दही, दारू आणि वडी, आणि निवळी कुत्र्याला. फ्रीज नाही, दुकान चाळीस किलोमीटरवर, आणि सगळं उचलून दोन महिन्यांनी पुढे जायचंय, त्यामुळे जे टिकतं आणि हलकं होतं तेच त्यांचं खाणं. मांसाचंही तेच, हिवाळ्यात पट्ट्या कापून टांगतात, गोठून वाळून लाकूड होतं, मग कुटतात. त्याला बोर्त्स म्हणतात. अख्ख्या गायीचं मांस वाळून तिच्याच मूत्राशयात मावतं असं सांगतात.

चमचमीत
आणि ते घोडीचं दूध?

रानवारा
'आयराग'. घोडी दर दोनेक तासांनी पिळावी लागते, शिंगरू आधी लावायचं, मग बाजूला ओढायचं आणि एका गुडघ्यावर बसून पिळायचं. दूध गायीच्या कातड्याच्या बुधल्यात, बुधला दाराशी टांगलेला, आणि येता जाता प्रत्येकाने रवीने घुसळायचं, पाहुण्यानेसुद्धा. दिवसाला हजारो वेळा. आंबट ताकात थोडी बिअर ओतल्यासारखं, दारू दोन टक्क्यांच्या आसपास. वाडगा उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्यायचा, नको असेल तरी ओठाला लावून परत द्यायचा. पोटाचं काय झालं विचारू नका, पहिले दोन दिवस चौथी बाजू डोंगराकडे.

जंतूविद्या
इथे माझ्या विषयाचं आलं म्हणून लिहिते. बहुसंख्य मंगोल लोकांना मोठेपणी दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम नसतं. तरी उन्हाळाभर दुधावर जगतात. घोडीच्या दुधात लॅक्टोज गायीपेक्षा जास्त, तेच कच्चं प्यायलं तर जुलाब. म्हणून आंबवतात, बरंचसं लॅक्टोज बुधल्यातले जिवाणू आणि यीस्ट आधीच खातात. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचाही त्यात वाटा असावा असं संशोधक म्हणतात. बुधल्यात आयराग बनवण्याची ही पद्धत युनेस्कोच्या यादीत २०१९ ला गेली, गेर बांधण्याची कला २०१३ ला.

लोणकढी
मांसाहारींवर पण दया करा. खाणकामगार, तुम्ही काय खाल्लं?

खाणकामगार
सगळं. बूज म्हणजे मांसाचा मोदक, खरंच, वाफवलेला, पाकळ्या घातलेला, वर छोटं भोक. आधी एक चावा घेऊन रस ओढायचा नाहीतर शर्ट गेला. नवीन वर्षाला, त्सगान सारला, एकेक घर हजाराच्या वर करतं आणि बाहेर गच्चीत गोठवून ठेवतं. खुशूर म्हणजे तळलेली मांसाची चपटी करंजी, ती जुलैच्या नादामच्या जत्रेत. आणि खोर्खोग, दुधाच्या कॅनमध्ये मटण आणि चुलीत लाल केलेले दगड आळीपाळीने टाकून झाकण बंद. उघडल्यावर तेलकट गरम दगड हातातून हातात खेळवायचे, तब्येतीला चांगलं म्हणतात. मसाला काय? मीठ. कधी कांदा. मी पुण्याहून कांदा लसूण मसाला नेला होता, शेजाऱ्याने चमचाभर खाल्ला आणि बाहेर बर्फात तोंड घातलं.

आणि रानवारा, बोर्त्सोग खाल्लेत का, ते शंकरपाळे? ते पुष्कळ ठिकाणी चरबीत तळतात हो.

रानवारा
...
रोज खात होते. धन्यवाद.

---

वाकडीवाट
सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ. जनावरं मारणाऱ्या हिवाळ्याला त्यांच्या भाषेत 'झुद' म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये देशातल्या दर पाच जनावरांतलं एक मेलं. २०२३-२४ च्या झुदमध्ये सत्तर लाखांहून जास्त. आधी उन्हाळ्यात दुष्काळ, मग बर्फाचा थर, गवत दिसतं पण तोंड पोचत नाही. ज्याचा कळप गेला तो गेर ट्रकवर टाकून उलानबातरच्या कडेला येतो. शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती अशा गेरवस्त्यांमध्ये आहे, नळ नाही, ड्रेनेज नाही, आणि माळावर शेणाने तापणारं घर तिथे कोळशाने तापतं. हिवाळ्यात धुराने समोरचा माणूस दिसत नव्हता. मे २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर बंदी आणून ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेले कोळशाचे गोळे, दिले. 'घर उचला आणि चाला' हे पर्यटकाला छान वाटतं.

शिवाय १९९० नंतर सहकारी कळप मोडून जनावरं खाजगी झाली, काश्मिरी लोकरीला भाव म्हणून शेळ्या वाढल्या, शेळी गवत मुळासकट उपटते. अडीच कोटी जनावरं होती ती सहा-सात कोटींवर गेली. माळ तेवढाच.

रानवारा
मान्य. मी जुलै पाहिला, तुम्ही जानेवारी सांगताय. आमच्या यजमानांच्याही २०२४ ला नव्वद मेंढ्या गेल्या, त्यांनी सांगितलं ते एकाच वाक्यात आणि लगेच चहा ओतला. मुलीला अकाउंट्स का शिकवताय विचारलं तर म्हणाले एक पाय शहरात असावा.

खाणकामगार
@वाकडीवाट, बरोबर आहे, फक्त एक. गेरवस्तीतले माझे सहकारी फ्लॅट घेतल्यावरही अंगणात गेर ठेवणारे होते, आईवडिलांसाठी. चौकोनी घरात आईला झोप येत नाही म्हणे. आणि माळावरचे लोक काही १२५३ मध्ये राहत नाहीत, २००० साली सरकारने एक लाख गेरना सोलर पॅनल द्यायची योजना काढली, आज गेरबाहेर पॅनल आणि डिश आहे, घोड्यांचे कळप मोटारसायकलवरून हाकतात.

---

लोणकढी
चहाचं राहिलं. शीर्षकात आहे.

रानवारा
हो हो. 'सूतेई त्साई'. विटेसारखी दाबलेली चहापत्ती फोडून पाण्यात उकळायची, तेवढंच दूध, मीठ, आणि पळीने शंभरेक वेळा उंचावरून ओतायचा. सकाळचा पहिला चहा घरातली बाई बाहेर जाऊन नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्याने आकाशाकडे उडवते, मग घरात. गेरच्या दाराशी टकटक करत नाहीत, लांबूनच 'नोखोई खोर' ओरडायचं, म्हणजे कुत्रा धरा, आणि आत जाऊन बसायचं, कोण कुठले विचारायच्या आधी वाडगा हातात.

एक वीट घेऊन आले. घरी केला, नवऱ्याने एक घोट घेऊन बेसिन गाठलं. सासूबाई पूर्ण वाडगा प्यायल्या आणि म्हणाल्या, ह्याला चहा म्हणू नका, पेज म्हणा, मग बरा लागतो. काल विचारत होत्या संपली का ती वीट.

सांगलीवाला
जेनचा धागा काढलाय. आज्ज्याच्या जेनचा फोटो टाकलाय, उंदरानं खाल्लेला कोपरा तेवढा दुर्लक्ष करा.